लातूरचा पश्मी मुंबईच्या बेटावर

मुंबई हे बेट आहे, हे आपल्या मराठवाड्यातल्या माणसाच्या ध्यानात राहत नाही. रेल्वे ठाण्याची खाडी ओलांडते तेव्हा तो बॅगा दाराशी ओढत असतो आणि रस्त्याने वाशीचा पूल येतो तेव्हा टोलनाक्याच्या रांगेकडे पाहत असतो. पूर्वेला ठाण्याची खाडी, उत्तरेला वसईची खाडी आणि उरलेल्या बाजूंना अरबी समुद्र, अशा पाण्याच्या वेढ्यात साष्टी हे मोठं बेट आहे. त्याला दक्षिणेकडे कुलाबा, माझगाव, परळ, वरळी, माहीम वगैरे सात बेटं भराव टाकून जोडली, तेव्हा आजची मुंबई झाली. हवामानाच्या हिशेबात ते आजही उष्ण कटिबंधातलं बेटच आहे. लातूर किंवा नांदेडहून बदली झाली, मुलाला नोकरी लागली किंवा मुलीला कॉलेजात प्रवेश मिळाला की घरातला कुत्राही सामानाबरोबर या बेटावर येतो. माणसं 'दमट आहे बुवा' म्हणून पंखा वाढवतात. कुत्र्याला बोलता येत नाही.

आपल्या भागातून जाणारा कुत्रा बहुधा कुठला असतो, ते आधी पाहू. शहरातल्या घरांमध्ये आता लॅब्रेडॉर, जर्मन शेफर्ड, पग सगळं दिसतं. पण इथल्या मातीतला कुत्रा म्हणजे कारवानी आणि त्याचा लांब रेशमी केसांचा भाऊबंद पश्मी. चाकूर तालुक्यातलं जानवळ हे गाव या कुत्र्यांसाठी सगळीकडे ओळखलं जातं. लांबट डोकं, खोल छाती, पोट आत ओढलेलं, पाय उंच आणि अंगावर चरबीचा पत्ता नाही, अशी ही चण. काफिल्यांबरोबर पश्चिम आशियातून आलेल्या सालुकी आणि ताझी कुत्र्यांशी त्यांचं नातं सांगितलं जातं आणि त्यांच्याकडे पाहिलं की ते पटतंही. सीमेपलीकडच्या मुधोळ संस्थानात याच जातकुळीला राजाश्रय मिळाला. मालोजीराव घोरपड्यांनी तिथली जोडी इंग्लंडच्या पाचव्या जॉर्ज राजाला भेट दिली, म्हणजे दख्खनचा कुत्रा एका थंड बेटावर केव्हाच जाऊन आला आहे. २००५ साली मुधोळ हाउंड टपाल तिकिटावरही आला. जानवळच्या कुत्र्यांच्या वाट्याला एवढं कौतुक आलं नाही, ही आपली जुनी रड.

लोहा तालुक्यातल्या माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत घोडे, उंट, गाढवं यांच्या बाजाराबरोबर श्वान प्रदर्शनही भरतं. खंडोबाच्या देवळात तसाही कुत्र्याला मान आहे. देवाच्या घोड्याशेजारी तो असतोच आणि वाघ्येही देवाचे कुत्रे म्हणवून घेतात. ऐन थंडीतल्या त्या यात्रेत, कोरड्या वाऱ्यात, साखळी ताणून उभा असलेला पश्मी पाहिला की त्याला कुठल्याही हवेचं काही वाटणार नाही, असं वाटतं. मालकही तसंच सांगतात, 'बेचाळीस डिग्रीत शेतावर राह्यलेलं कुत्रं हाय, मुंबईची तेहतीस त्याला काय करते?'

गफलत नेमकी इथंच आहे. बेचाळीस सोसणाऱ्या कुत्र्याला तेहतीस जड जाऊ शकतात आणि त्याचं कारण थर्मामीटरच्या आकड्यात सापडत नाही.

माणसाला सर्वांगाला घाम येतो. कुत्र्याला तो फक्त पंजांच्या गाद्यांना येतो आणि त्याने अंग थंड होत नाही. त्याचा सगळा भरवसा धापेवर. नाकातल्या खास ग्रंथी आतला भाग ओला ठेवतात, जीभ बाहेर येऊन रुंद होते, तिच्या कडा लालभडक होतात आणि श्वास मिनिटाला तीनशेच्याही पुढे जातो. ओल्या जिभेवरून आणि नाकाच्या आतल्या अस्तरावरून हवा वेगाने ये-जा करते, पाण्याची वाफ होते आणि वाफ होताना ती उष्णता घेऊन जाते. आपल्या घरातला वाळ्याचा कूलर याच तत्त्वावर चालतो. लातुरात मे महिन्यात कूलर लावला की खोली गार होते. तोच कूलर उचलून दादरच्या खोलीत ठेवा, तो नुसती ओली हवा फेकेल. मुंबईत कूलर का चालत नाही, हे आपल्यातल्या प्रत्येकाला माहीत असतं, पण आपला कुत्राही कूलर आहे, एसी नव्हे, हे सुचत नाही.

आकड्यांत सांगायचं तर थर्मामीटरच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळून वारा घातला की पारा जिथवर उतरतो, ते ओलं तापमान. लातूरला उन्हाळ्यातल्या दुपारी ४२ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल, तर हे ओलं तापमान २२ अंशांच्या आसपास येतं. मुंबईत ३३ अंश आणि आर्द्रता ७५ टक्के असेल, तर ते २९ च्या पुढे जातं. पाण्याची वाफ करून अंग थंड ठेवणाऱ्या प्राण्याला मुंबईच लातूरपेक्षा तापदायक, तीही सात अंशांनी. हा प्रयोग घरी साध्या थर्मामीटरवर आणि सुती फडक्यावर होतो. नव्या घरात पहिल्या दिवशी तो करून पाहावा. दुपारी कुत्र्याला कुठल्या खोलीत ठेवायचं, ते त्यावरून लगेच कळतं.

सावलीची गोष्टही तशीच. आपल्याकडे लिंबाखाली गेलं की फरक जाणवतो. शेतावरचा कुत्रा दुपारी आखाड्याच्या आडोशाला ओल्या मातीत खड्डा उकरून पडतो, चार तास हलत नाही आणि रात्री हवा उतरली की मोकळा होतो. मुंबईत रात्र उतरत नाही. मे आणि ऑक्टोबरमध्ये पहाटेही हवा चिकट असते, म्हणजे दिवसभर साठलेली उष्णता अंगाबाहेर टाकायला त्याला मोकळा वेळच मिळत नाही.

सगळ्या कुत्र्यांना हा त्रास सारखा नसतो. कारवानीचं नाक लांब, अंग सडपातळ, केस आखूड. दमट हवेत त्यातल्या त्यात तोच बरा. पश्मीच्या कानांवर आणि शेपटीवर केसांची झालर असते, तिची निगा पावसाळ्यात वाढते, एवढंच. खरी काळजी पगची. २००३ मधल्या हचच्या जाहिरातीनंतर घराघरांत आलेल्या या कुत्र्याचं नाक इतकं चपटं की धाप टाकायला आत जागाच नाही. नांदेडमध्ये हौसेने हस्की पाळणारेही आहेत. त्यांना माझं सांगणं एकच की नांदेडमध्ये केली ती चूक मुंबईत नेऊन दुप्पट करू नका. आणि दाट केसांच्या कुत्र्याला उन्हाळ्यात वस्तऱ्याने सफाचट करण्याची जी पद्धत पडली आहे, तीही सोडा. दुहेरी केसांचा थर ऊनही अडवतो. तो विंचरून मोकळा ठेवायचा असतो.

दमट उष्णतेची सवय कुत्र्याला होते, पण सावकाश. दहा ते वीस दिवसांत शरीर थोडंफार जुळवून घेतं, पूर्ण जुळायला दोन महिनेही लागतात. त्यामुळे कधी न्यायचं, याला कसं न्यायचं याइतकंच महत्त्व आहे. दिवाळी झाल्यावर, नोव्हेंबरअखेरपासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ सगळ्यात चांगला, कारण तेव्हा मुंबईची हवाही कोरडी आणि सकाळ गार असते. आपल्याकडे मात्र बदल्या उन्हाळ्यात होतात आणि शाळा जूनमध्ये उघडतात, म्हणून निम्मी कुटुंबं मेच्या शेवटच्या आठवड्यात सामान हलवतात. मुंबईत पाऊस साधारण ११ जूनला पोचतो. मेमध्ये गेलेल्या कुत्र्याला चिकट उष्म्याची सवय होते न होते, तोच पाण्याने भरलेला नवा ऋतू सामोरा येतो. शक्य असेल तर माणसांनी जूनमध्ये पुढे जावं आणि कुत्र्याला दिवाळीनंतर न्यावं. घरी आजी-आजोबा असतील, तर हे सहज जमतं.

प्रवासात रस्ता सोयीचा. लातूरहून मुंबई पाचशे किलोमीटरच्या आसपास, नांदेडहून त्याहून जास्त. संध्याकाळी उशिरा निघावं. निघण्यापूर्वी सहा तास पोटभर खाणं नको, पाणी मात्र द्यावं. झोपेच्या गोळ्या देऊ नयेत. गुंगीतल्या कुत्र्याला अंगाचं तापमान सांभाळता येत नाही, धापही नीट टाकता येत नाही. चहाला थांबलात तर एकाने गाडीत बसायचंच. बंद मोटारीतलं तापमान तासाभरात बाहेरच्यापेक्षा वीस अंशांहून जास्त वाढू शकतं आणि त्यातली बहुतेक वाढ पहिल्या अर्ध्या तासातच होते. पहाटे खंडाळ्याचा घाट उतरून खोपोलीला आलात की काच खाली करा. चेहऱ्यावर जी ओलसर हवा येते, तिच्यापाशी दख्खन संपतं. कुत्राही तिथं नाक वर करतो आणि बऱ्याचदा धाप टाकायला लागतो. गाडीतला एसी एवढा वेळ पूर्ण असेल तर इथून पुढे हळूहळू कमी करत जावा, म्हणजे दारात उतरताना एकदम धक्का बसत नाही.

रेल्वेचा नियम पुष्कळांना अर्धाच माहीत असतो. कुत्रा बरोबर ठेवायचा तर फर्स्ट एसीतला दोन किंवा चार बर्थचा अख्खा कूपे आपल्या नावावर हवा. स्लीपर, थ्री एसी, टू एसीत परवानगी नाही. सापडलात तर दंड भरावा लागतो. दुसरा मार्ग गार्डच्या डब्यातल्या पेटीचा. पार्सल ऑफिसात नोंद करून त्यात कुत्रा पाठवता येतो. ती लोखंडी पेटी, अंधार, आवाज आणि अनोळखी वास, हे सगळं रात्रभर सोसणं शेतावर मोकळ्या वाढलेल्या कुत्र्याच्या दृष्टीने फार झालं. मी तरी हा मार्ग सुचवणार नाही. कूपेसाठी तिकीट काढल्यावर रेल्वेच्या वाणिज्य विभागाला अर्ज द्यावा लागतो आणि मिळाला की नाही ते चार्ट लागल्यावरच कळतं. मनाची तेवढी तयारी ठेवा.

खरी तयारी मात्र निघायच्या महिनाभर आधी गावातच करायची असते. आखाड्यावरच्या कुत्र्याच्या गळ्यात कधी पट्टा पडलेला नसतो. मुंबईत पट्ट्याविना एक पाऊलही टाकता येत नाही आणि कारवानी-पश्मीसारख्या नजरेने शिकार हेरणाऱ्या कुत्र्याला तर मुळीच नाही. मांजर दिसलं की हाक कानावर पडायच्या आत तो रस्त्याच्या पलीकडे असतो. गावातल्या रस्त्याने तो परत येतो, मुंबईच्या रस्त्यावर बस असते. लातूरकरांना सरावासाठी गंजगोलाईसारखी जागा नाही. सोळा रस्ते एका गोलात येऊन मिळतात, हातगाड्या, भोंगे, हमाल, सगळं काही. आधी पहाटे दुकानं बंद असताना न्यावं, मग हळूहळू गर्दीच्या वेळेकडे सरकावं. नांदेडमध्ये वजिराबाद किंवा स्टेशनबाहेरचा रस्ता. ओळखीच्या कुणाच्या इमारतीत लिफ्ट असेल तर तिच्यातही चार-पाच फेऱ्या माराव्यात. जमीन पायाखालून सरकते, दार आपोआप मिटतं, याचं भय जनावराला किती बसतं, ते पाहिल्याशिवाय कळत नाही.

घर बदलताना धुलाई करायची आपली सवय असते. कुत्र्याची वाकळ मात्र धुवू नका. कित्येक दिवसांचा घरचा वास तिच्यात असतो आणि नव्या फ्लॅटमध्ये ओळखीचं म्हणावं असं पहिल्या रात्री त्याच्याजवळ तेवढंच असतं. ती एका कोपऱ्यात टाकावी आणि तो कोपरा पुन्हा हलवू नये. शहाबादी फरशीवर वाढलेल्या कुत्र्याचे पाय गुळगुळीत व्हिट्रिफाइड टाइलवर घसरतात. तो भिंतीच्या कडेने चालू लागतो, उडी मारणं बंद करतो. चालायच्या वाटेवर रबरी चटया टाकल्या की आठवड्यात सरावतो. अंगावर चरबी नसलेल्या या जातीला कठीण फरशीवर पडून कोपराला घट्टे पडतात, म्हणून वाकळेखाली जाड काहीतरी घाला. पण उघडी, थंड लादीही त्याच खोलीत राहू द्या. दुपारी तो स्वतःच तिकडे जाईल.

खाण्यापिण्यात एकदम बदल करू नये. आपल्याकडचा कुत्रा ज्वारीची भाकरी, ताक, वरण, अधूनमधून अंडी किंवा हाडं यावर वाढतो आणि मुंबईत गेल्यावर शेजारी सांगतात की हे कुत्र्याचं अन्नच नव्हे. त्यात तथ्य थोडं आहे, प्रथिनं वाढवायला हवीत. पण भाकरी पचत नाही, हे चूक. माणसाबरोबर राहून कुत्र्यांमध्ये पिष्टमय पदार्थ पचवणाऱ्या जनुकाच्या प्रती लांडग्यापेक्षा कितीतरी वाढल्या आहेत. डब्यातलं खाणं सुरू करायचंच असेल तर जुन्यात थोडं थोडं मिसळत सात ते दहा दिवसांत करावं. पहिल्या आठवड्यात जुलाब झाले तर बोअरच्या पाण्याऐवजी नळाचं पाणी बाधलं, असं सगळे म्हणतात. बहुतेकदा ते प्रवासाचा ताण आणि बदललेलं खाणं यांमुळे झालेले असतात. पाणी मात्र घरात दोन-तीन ठिकाणी ठेवा. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, त्या लातूरच्या माणसाला भांड्यातलं शिळं पाणी ओतून देताना जीव खालीवर होतो, हे मान्य. तरी दिवसातून दोनदा बदलाच, झाडांना घाला. दमट हवेत ते लवकर खराब होतं.

फिरायची वेळ सूर्य उगवायच्या आधी आणि रात्री नऊनंतर. पहिले पंधरा दिवस दहा-पंधरा मिनिटांच्या वर नेऊ नये, पळवणं तर नाहीच. डांबर किती तापलं आहे ते हाताचा मागचा भाग त्यावर पाच सेकंद ठेवून पाहावं. आपल्याला सोसत नसेल तर त्यालाही सोसत नाही. आणखी एक अडचण चार पायांची असते. आपल्या गल्लीत कुत्राही शेर असतो, पण तुमचा कुत्रा आता दुसऱ्याच्या गल्लीत आला आहे. रस्त्यावरच्या कुत्र्यांच्या हद्दी ठरलेल्या असतात आणि त्यांना खाऊ घालणाऱ्या मंडळींना त्या चांगल्या माहीत असतात. त्यांच्याशी ओळख करून घेतली तर कोणत्या वळणावर थांबायचं, ते ते सांगतात. मुंबईचा आणि कुत्र्यांचा संबंध जुना आहे. बेवारस कुत्री मारण्याच्या हुकमावरून १८३२ साली इथल्या पारशी समाजाने दंगा केला होता. सोसायटीत कुणी 'कुत्रे चालणार नाहीत' असा ठराव दाखवला तर घाबरून जाऊ नये. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या सूचनांप्रमाणे सोसायटीला पाळीव कुत्र्यावर बंदी घालता येत नाही, लिफ्टही नाकारता येत नाही. महापालिकेचा परवाना आणि रेबीजच्या लसीचा कागद मात्र आपल्याकडे हवा, आणि घाण उचलायची पिशवीही.

उष्माघाताची लक्षणं घरातल्या प्रत्येकाला पाठ हवीत. धाप थांबत नाही, लाळ चिकट आणि दोरीसारखी लोंबते, हिरड्या विटेसारख्या लाल होतात, चाल लडखडते, उलटी होते. कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट. ते १०५ च्या पुढे गेलं तर एक मिनिटही दवडू नये. लोक घाईने रिक्षा शोधायला जातात, ते चूक. आधी थंड करा, मग न्या. नळाचं पाणी पोटावर, जांघेत, पंजांवर ओतत राहा आणि पंखा पूर्ण सोडा. ओला टॉवेल अंगावर गुंडाळून ठेवू नका, आत उष्णता कोंडते. तापमान १०३ पर्यंत उतरलं की पाणी थांबवा आणि डॉक्टरकडे निघा. तो उठून बसला, शेपूट हलवली तरी निघाच, कारण मूत्रपिंडाची इजा एक-दोन दिवसांनी उघडी पडते.

पाऊस सुरू झाला की दुखणी बदलतात. मुंबईच्या पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस पसरतो. उंदराच्या लघवीतले जंतू पाण्यात उतरतात आणि पंजाच्या बारीक चिरेतून किंवा पाणी चाटण्यातून कुत्र्यात जातात. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्यानंतर माणसांमध्येही हा आजार मोठ्या प्रमाणावर दिसला होता. आपल्या भागात वार्षिक सरासरीच त्याहून कमी आहे, म्हणून लेप्टोची लस आपल्याकडे फारशी कुणी मागत नाही. रेबीजची दिली की झालं, अशी समजूत असते. लेप्टोचे दोन डोस तीन-चार आठवड्यांच्या अंतराने द्यावे लागतात आणि मग दरवर्षी एक. म्हणजे जूनमध्ये संरक्षण हवं तर एप्रिलमध्ये सुरुवात. हे काम लातूर-उदगीरलाच उरकता येतं. उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथं एकदा पूर्ण तपासणी करून कागद हाती ठेवले तर मुंबईच्या डॉक्टरांचं काम सोपं होतं.

गोचीड आपल्याला नवा नाही, पण शेतावरचा गोचीड आणि फ्लॅटमधला गोचीड यांत फरक पडतो. कुत्र्यावरचा तपकिरी गोचीड आपलं सगळं आयुष्य घराच्या आत काढू शकतो. मादी भिंतीच्या फटीत, स्कर्टिंगच्या मागे अंडी घालते. बंद, उबदार, दमट घर त्याला फारच मानवतं. त्यातून होणारा ताप रक्तातल्या पेशींवर घाला घालतो. कुत्रा दोन दिवस मलूल, नाकातून रक्त किंवा पोटावर लाल ठिपके दिसले तर रक्ततपासणी लगेच करावी. महिन्याचं औषध एकट्या कुत्र्याला देऊन भागत नाही, फटीही साफ करायला हव्यात. बाकी कानात बुरशी, पंजांच्या बेचक्यात लाली, पोटावर ओलसर चट्टे, या सगळ्याला उपाय एकच की बाहेरून आल्यावर कोरडं पुसायचं, बोटांच्या मधूनसुद्धा. पश्मीचे लोंबते कान आतून कोरडे ठेवायचे.

डॉक्टरांना एक गोष्ट आठवणीने सांगा, की हा कारवानी किंवा पश्मी आहे. शिकारी चणीच्या सडपातळ कुत्र्यांमध्ये रक्तातल्या तांबड्या पेशी इतर कुत्र्यांपेक्षा मुळातच जास्त असतात, थायरॉइडचा आकडा कमी येतो आणि काही भूल देणारी औषधं शरीरात चरबी नसल्याने फार काळ रेंगाळतात. मुंबईत लॅब्रेडॉर पाहण्यात आयुष्य गेलेल्या तरुण डॉक्टरला हे पुस्तकात वाचल्याचं आठवेलच असं नाही. परळचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय आणि त्याला लागून १८८६ मध्ये सुरू झालेलं पशुवैद्यकीय महाविद्यालय ही जुनी, भरवशाची जागा. रात्री-अपरात्री कुठं जायचं ते मात्र आपल्या उपनगरातलंच पत्ता-फोनसह फ्रिजवर चिकटवून ठेवा.

राहिला समुद्र. पहिल्यांदा समुद्र पाहणारा लातूरचा कुत्रा तोंड लावून पाणी पितो, कारण पाणी दिसलं की प्यायचं एवढंच त्याला ठाऊक. खारं पाणी पोटात गेलं की जुलाब, आणि जास्त गेलं तर रक्तातलं मीठ वाढून झटके येतात. चौपाटीवर जाताना गोड पाण्याची बाटली नेऊन आधीच पोटभर पाजावं. किनाऱ्यावर मरून पडलेले मासे हुंगू देऊ नयेत, त्यातला फुगलेला केंड विषारी असतो. पावसाळ्यात जुहूच्या वाळूवर निळसर फुग्यांसारखे ब्लूबॉटल येऊन पडतात, त्यांची शेपटी सुकल्यावरही डंख मारते. घरी आल्यावर अंग साध्या पाण्याने धुतलं नाही तर मीठ कातडीवर राहून खाज सुटते.

काही कुटुंबांना याहून दूरच्या बेटावर जायचं असतं. लष्करात किंवा केंद्राच्या नोकरीत असलेल्यांची अंदमानला बदली होते. तिथल्या आदिवासींकडे कुत्रा नव्हताच. १८५८ मध्ये इंग्रजांनी पोर्ट ब्लेअरला कैद्यांची वसाहत केली, तिच्याबरोबर तो बेटांवर उतरला आणि थोड्याच काळात रानडुकरांच्या शिकारीत आदिवासींचा सोबती झाला. म्हणजे कुत्र्याला बेट मानवतं, यात शंका नाही. पण अंदमान आणि लक्षद्वीप ही बेटं रेबीजमुक्त मानली जातात, म्हणून लसीचे कागद आणि तिथल्या पशुसंवर्धन खात्याची परवानगी यांची चौकशी बदलीचा हुकूम हाती पडताच करावी. शिवाय तिथं 'अंदमानचा रक्तस्रावी ताप' म्हणून काही वर्षं ओळखला जाणारा आजार पुढे लेप्टोच निघाला, तेव्हा ती लस तिथं मुंबईपेक्षाही गरजेची.

सिंगापूरची कथा वेगळी. तिथं मराठी कुटुंबं बरीच आहेत आणि हवा वर्षभर मुंबईच्या जुलैसारखी. आधी मायक्रोचिप, मग रेबीजची लस, मग रक्तातली प्रतिकारशक्ती मोजायची आणि ती दर मिलिलिटरला किमान ०.५ एकक भरायला हवी. त्यानंतर परवाने आणि भारतातून जाणाऱ्या कुत्र्याला तिथल्या विलगीकरण केंद्रात ३० दिवस. या सगळ्याला पाच-सहा महिने धरून चाला. पण मोठी अट त्यानंतर येते. सिंगापुरातली बहुसंख्य जनता राहते त्या सरकारी गृहनिर्माणाच्या सदनिकांत ६२ लहान जातींपैकीच एक कुत्रा पाळता येतो. कारवानी त्या यादीत बसत नाही. खासगी इमारतीतलं घर परवडणार असेल तरच पुढचा विचार. हे घराचा करार करण्याआधी पाहायचं असतं, आणि माणसं बरोबर उलटं करतात.

म्हणून शेवटी कुणाला नेऊच नये, तेही सांगतो. दहा वर्षांच्या पुढचा, हृदय किंवा मूत्रपिंड दुखणारा, किंवा आयुष्यभर आखाड्यावर राखणीला असलेला आणि बंद दार माहीत नसलेला कुत्रा. त्याला तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत नेऊन माया करण्यापेक्षा गावी भावाकडे, सालगड्याकडे ठेवणं बरं. मात्र निघायच्या आदल्या दिवशी साखळी दुसऱ्याच्या हातात देऊन जाऊ नये. दोन महिने आधीपासून भाकरी त्या माणसानेच घालावी, गोचीड त्यानेच काढावेत, रात्री त्याच्याच बाजेखाली कुत्रा झोपावा. लसीची तारीख भिंतीवरच्या कालनिर्णयात लिहून द्यावी, औषधाचे पैसे वेळेवर पाठवावेत आणि गावी आलात की त्याला दोन दिवसांसाठी शहरातल्या घरी हलवण्याचा मोह टाळावा. भेटायला आपणच शेतावर जावं.